पोलीस बिनतारी संभाषण : संकेत, संक्षेप व संगणक प्रणाली

गस्तीवरील पोलीस व नियंत्रण कक्ष यांच्यामधील बिनतारी संभाषणात थोड्या वेळात पुष्कळ आशय सांगता यावा म्हणून अंकसंकेत, कायद्याच्या कलमांचे क्रमांक व आद्याक्षरांचे संक्षेप वापरले जातात. ज्या संगणकीय अभिलेखांकडे हे संभाषण वारंवार वळते त्या प्रणालींची नावेही त्यात संक्षिप्त रूपानेच येतात. या परिभाषेचा सर्वांत मोठा विस्तार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. तेथे लहानमोठी मिळून सु. १८,००० स्वतंत्र पोलीस दले व तत्सम यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीने आपापली भाषा थोडीफार वेगळी घडविली आहे. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील पद्धतीचे विवेचन केले असून ब्रिटन व भारत यांचा उल्लेख तुलनेपुरता केला आहे.

पोलीस बिनतारी यंत्रणेचा नियमित उपयोग डिट्रॉइट शहरात ७ एप्रिल १९२८ रोजी सुरू झाला. त्यापूर्वी काही वर्षे तेथे प्रयोग चालू होते. पोलिसांसाठी स्वतंत्र परवान्याची सोय नसल्यामुळे सुरुवातीच्या केंद्राला करमणुकीचे कार्यक्रमही प्रक्षेपित करावे लागत आणि चोरीच्या मोटारींची वर्णने गाण्यांच्या अधूनमधून सांगितली जात. ही यंत्रणा एकतर्फी होती. गाडीतील ग्राहीवर आज्ञा ऐकू येई, परंतु ती मिळाल्याचे कळविण्यासाठी शिपायाला रस्त्यावरील दूरध्वनी गाठावा लागे. गाडीतून उलट बोलण्याची सोय न्यू जर्सीमधील बेयॉन येथे १९३३ मध्ये प्रथम झाली आणि १९४० च्या सुमारास कनेक्टिकट संस्थानात कंप्रता-विरूपण पद्धती आल्यावर आवाज पुष्कळच स्वच्छ झाला. दुतर्फा संभाषण सुरू होताच एक नवी अडचण उद्‌भवली. एका वाहिनीवर अनेक गाड्या असत आणि एका वेळी एकालाच बोलता येई. प्रत्येक अनावश्यक शब्द म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी निकडीच्या संदेशाला अडथळा, अशी परिस्थिती होती.

दशक-संकेत : या अडचणीवरील उपाय म्हणून ‘दहा’ या अंकाने सुरू होणारे संकेत रूढ झाले. त्यांचे श्रेय इलिनॉय संस्थान पोलिसांच्या पेसोटम येथील संदेशवहन विभागाचे प्रमुख चार्ल्स हॉपर यांना दिले जाते. हॉपर यांनी १९३७ च्या सुमारास ही योजना आखली. आरंभी ‘दहा’ का, याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळच्या गाडीतील प्रेषकाला वीज पुरविणारे मोटर-जनित्र कळ दाबल्यानंतर पूर्ण गतीला येण्यास क्षणभर वेळ घेई आणि तेवढ्यात बोललेला पहिला उच्चार वाया जाई. पहिला शब्द अर्थहीन ठेवला, तर तो गळाला तरी बिघडत नाही. ‘दहा’ हा तसा बळी देण्याचा शब्द होता. पुढे जनित्रे गेली, अर्धसंवाहक आले, विलंब संपला. तरी ‘दहा’ मात्र तसाच राहिला.

पोलीस संदेशवहन अधिकाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेने (स्थापना १९३५, संक्षेप ‘ॲप्को’) या संकेतांचा प्रसार केला आणि १९७४ मध्ये त्यांची सुधारित व विस्तृत यादी तयार केली. त्यांतील काही संकेत बहुतेक ठिकाणी समान आहेत. १०-४ म्हणजे संदेश पोचला. १०-७ म्हणजे गाडी कामावर नाही. १०-८ म्हणजे कामासाठी उपलब्ध. १०-९ म्हणजे पुन्हा सांगा. १०-२० म्हणजे ठिकाण. १०-२२ म्हणजे आधीची सूचना सोडून द्या. संगणकाच्या दृष्टीने महत्त्वाचे तीन संकेत लागोपाठ येतात : १०-२७ (वाहनचालकाच्या परवान्याची चौकशी), १०-२८ (वाहनाच्या नोंदणीची चौकशी) व १०-२९ (व्यक्ती वा वस्तू पोलिसांना हवी आहे काय याची चौकशी). यांपैकी १०-४ हा संकेत १९५५–५९ या काळातील ‘हायवे पट्रोल’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे आणि नंतर १९७० च्या दशकात मालमोटारींच्या चालकांनी नागरिक-वाहिनीवर उचलल्यामुळे घरोघरी पोचला.

समानता मात्र येथेच संपते. ॲप्कोच्या जुन्या यादीत १०-१३ चा अर्थ हवामान व रस्त्याची स्थिती असा होता. न्यूयॉर्क शहर पोलिसांत त्याच १०-१३ चा अर्थ ‘पोलीस संकटात, तातडीने मदत पाठवा’ असा आहे. १०-३३ हा अनेक दलांत सर्वसाधारण आणीबाणीचा संकेत असला, तरी न्यूयॉर्कमध्ये तो स्फोटक वस्तूसंबंधी वापरतात. एकाच दलात हा फरक कोणाला जाणवत नाही. दोन दले एकाच दुर्घटनास्थळी आली की एकाची हाक दुसऱ्याला हवामानाची चौकशी वाटण्याचा संभव निर्माण होतो. श्रोत्याने म्हणूनच कोणतीही यादी सार्वत्रिक मानू नये. ज्या गावाचे संभाषण ऐकावयाचे त्या गावाची यादी हाताशी असल्याशिवाय अर्थ लावणे व्यर्थ होय.

कलमांचे क्रमांक व हाक-नावे : कॅलिफोर्नियात दशक-संकेतांच्या जोडीला दंडसंहितेची कलमेच संकेत म्हणून बोलली जातात. १८७ म्हणजे खून, २११ म्हणजे जबरी चोरी, ४५९ म्हणजे घरफोडी, ४१५ म्हणजे शांतताभंग. मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा जुन्या वाहन कायद्याच्या ५०२ व्या कलमात होता. पुढे कायद्याची फेररचना होऊन कलमाचा क्रमांक बदलला, परंतु ‘पाच-शून्य-दोन’ पोलिसांच्या तोंडून लवकर गेला नाही. भारतातील वाचकाला यात नवल वाटू नये. मराठीतही ‘चारशे वीस’ हा शब्द मूळ कलम विसरूनच वापरला जातो आणि भारतीय दंडसंहितेची जागा २०२४ मध्ये भारतीय न्याय संहितेने घेतल्यावरही तो टिकून आहे. लॉस अँजेल्समध्ये प्रतिसादाची निकड ‘कोड’ या शब्दाने दर्शवितात. ‘कोड-३’ म्हणजे दिवा व भोंगा लावून जाणे, तर ‘कोड-४’ म्हणजे आणखी मदतीची आवश्यकता नाही.

तेथील गाडीचे हाक-नाव हाही एक संक्षेपच असतो. ‘एक-ॲडम-बारा’ या नावातील ‘एक’ हा मध्यवर्ती विभागाचा क्रमांक, ‘ॲडम’ हे दोन शिपाई असलेल्या गस्ती गाडीचे चिन्ह व ‘बारा’ हा गस्तीच्या क्षेत्राचा क्रमांक होय. एकच शिपाई असलेल्या गाडीला ‘लिंकन’ म्हणतात. ॲडम, बॉय, चार्ल्स, डेव्हिड अशी ही अक्षरमाला पोलिसांची स्वतःची आहे. विमानचालन व लष्कर यांत रूढ असलेली अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही माला निराळी असून ती वापरणारी पोलीस दलेही आहेत. बी, डी, पी, टी ही इंग्रजी अक्षरे खरखरीत आवाजात सारखीच ऐकू येतात, म्हणून वाहनाचा क्रमांक सांगताना अक्षरांऐवजी अशी नावे वापरणे अपरिहार्य ठरते.

संक्षेप : वारंवार ऐकू येणाऱ्या आद्याक्षर-संक्षेपांचे उगमानुसार तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग दवंडीचा. ‘ए.पी.बी.’ म्हणजे सर्व ठाण्यांना उद्देशून काढलेली सूचना आणि ‘बोलो’ म्हणजे अमुक व्यक्ती वा वाहनावर नजर ठेवा. दुसरा वर्ग घटनास्थळाचा आहे. पोलीस पोचण्यापूर्वी संशयित निघून गेला तर ‘जी.ओ.ए.’, पोचेपर्यंत मृत्यू झाला असल्यास ‘डी.ओ.ए.’, तक्रार करणाऱ्यासाठी ‘आर्.पी.’, पोचण्याच्या अंदाजी वेळेसाठी ‘ई.टी.ए.’ हे संक्षेप वापरतात. तिसरा व सर्वांत दुर्बोध वर्ग संगणकाच्या पडद्यावरून थेट बोलण्यात उतरला आहे. ‘डी.ओ.बी.’ म्हणजे जन्मतारीख. नावानंतर ती हटकून विचारली जाते, कारण नाव व जन्मतारीख मिळून व्यक्तीच्या शोधाची किल्ली बनते. ‘आर्.ओ.’ म्हणजे वाहनाचा नोंदणीकृत मालक. ‘व्हिन’ म्हणजे वाहनाच्या सांगाड्यावर कोरलेला ओळख-क्रमांक. १९८१ पासून अमेरिकेत तो १७ अंकाक्षरांचा असतो. ‘एफ्.टी.ए.’ म्हणजे न्यायालयात हजर न राहणे. या तीन अक्षरांमागे बहुधा एखादे प्रलंबित अटक-अधिपत्र उभे असते, म्हणून ती ऐकताच संभाषणाचा सूर बदलतो.

संगणक प्रणाली : रस्त्यावर अडविलेल्या मोटारीची माहिती १९६० च्या दशकापर्यंत कागदी पत्रांच्या कपाटांतून शोधावी लागे व तोपर्यंत मोटार निघून जाई. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण विभागाने (एफ्.बी.आय्.) २७ जानेवारी १९६७ रोजी ‘एन्.सी.आय्.सी.’ म्हणजे राष्ट्रीय गुन्हेविषयक माहिती केंद्र सुरू केले. आरंभी त्यात पाच संचिका व ३,५६,७८४ नोंदी होत्या. चोरीची वाहने, चोरीच्या क्रमांक-पाट्या, चोरीची वा हरवलेली शस्त्रे, ओळख पटण्याजोग्या इतर वस्तू आणि फरारी व्यक्ती हे त्यांचे विषय होते. १९७५ मध्ये हरवलेल्या व्यक्तींची संचिका जोडली गेली. हल्ली संचिकांची संख्या वीसहून अधिक असून त्यांत संरक्षण-आदेश, अनोळखी मृतदेह, लैंगिक गुन्हेगारांची सूची इत्यादींचा समावेश आहे. १९९९ मध्ये प्रणालीची पूर्ण पुनर्रचना करण्यात आली.

एन्.सी.आय्.सी. म्हणजे पोलिसांना हवी असलेली प्रत्येक माहिती तीत असते, हा समज चुकीचा आहे. वाहन-नोंदणी व चालक-परवाने ही प्रत्येक संस्थानाची स्वतंत्र दप्तरे आहेत. परक्या संस्थानाच्या दप्तरापर्यंत पोचण्यासाठी ‘एन्-लेट्स’ हे संस्थानांनी मिळून चालविलेले जाळे वापरतात. १९६० च्या दशकातील दूरमुद्रक-जाळ्यातून ते विकसित झाले. संस्थानांतर्गत जाळ्यांची नावे वेगवेगळी आहेत. कॅलिफोर्नियात ‘क्लेट्स’, मिशिगनमध्ये ‘लीन’, इलिनॉयमध्ये ‘लीड्स’ असे उच्चार ऐकू येतात. व्यक्तीचा गुन्हेगारी पूर्वेतिहास मात्र आणखी तिसरीकडे, आंतरसंस्थानीय सूचीत असतो. तिच्या इंग्रजी नावातील तीन ‘आय’ अक्षरांमुळे तिला ‘ट्रिपल आय’ म्हणतात. गस्तीवरील शिपाई सांगतो एवढेच, की ‘अमुक क्रमांक, १०-२८, १०-२९’. नियंत्रण कक्षातील कर्मचारी तो क्रमांक एकदाच टंकित करतो आणि संगणक संस्थानाचे नोंदणी-दप्तर, संस्थानाची हव्या व्यक्तींची यादी व एन्.सी.आय्.सी. या तिन्ही ठिकाणी विचारणा करतो. उत्तरे मागेपुढे येतात. म्हणूनच ‘नोंदणी स्वच्छ’ असे सांगितल्यानंतर काही सेकंदांनी आवाज बदलून पुन्हा बोलावणे येते.

या प्रश्नांचीही एक यंत्रभाषा आहे. वाहनाच्या चौकशीसाठी ‘क्यू-व्ही’, हव्या व्यक्तीच्या चौकशीसाठी ‘क्यू-डब्ल्यू’, चोरीच्या वाहनाची नोंद करण्यासाठी ‘ई-व्ही’ अशा दोन अक्षरी आज्ञा असतात. प्रत्येक संदेशाबरोबर विचारणाऱ्या यंत्रणेचा नऊ अंकाक्षरी ओळख-क्रमांक (‘ओ.आर्.आय्.’) जातो, त्यामुळे कोणी काय विचारले याचा माग राहतो. नोंद जुळली तर त्याला ‘हिट’ म्हणतात. अशा वेळी निवेदक लगेच उत्तर वाचून दाखवीत नाही. शिपाई सुरक्षित जागी आहे काय, हे आधी विचारले जाते, कारण गाडीतील ध्वनिवर्धक शेजारी उभ्या असलेल्या संशयितालाही ऐकू येत असतो. अनेक दलांत या प्रश्नासाठी वेगळा संकेत आहे.

‘कॅड’ हा संक्षेप या शोध-प्रणालींपेक्षा निराळा होय. तो संगणकाच्या साहाय्याने गाड्या पाठविण्याच्या योजनेचा निदर्शक आहे. नागरिकाचा दूरध्वनी (अमेरिकेत १९६८ पासून ९११ हा क्रमांक, पहिला असा दूरध्वनी अलाबामातील हेलीव्हिल येथे १६ फेब्रुवारी १९६८ रोजी झाला) नोंदविणे, त्याला क्रमांक देणे, जवळची मोकळी गाडी सुचविणे व वेळांची नोंद ठेवणे ही त्याची कामे. १९७० च्या दशकापासून गाड्यांतच लहान पडदे बसू लागले. त्यांना ‘एम्.डी.टी.’ असे नाव असून त्यांच्यामुळे पुष्कळशी चौकशी आवाजाविना होऊ लागली. श्रोत्याला ऐकू येणारे संभाषण म्हणूनच आज संपूर्ण कामाचा एक तुकडा असते. मधे शांतता असली, तर काही घडत नाही असे नव्हे.

चुकीच्या नोंदी व त्यांचे परिणाम : ‘हिट’ हा शब्द एखाद्याचे स्वातंत्र्य काढून घेऊ शकतो. म्हणून एन्.सी.आय्.सी. च्या नियमांनुसार नुसत्या जुळणीवर अटक करू नये. ज्या यंत्रणेने नोंद केली तिच्याकडून ती अद्याप वैध आहे याची खातरजमा करून घ्यावी, असे बंधन आहे. तातडीच्या प्रकरणी त्या यंत्रणेने दहा मिनिटांत व एरव्ही तासाभरात उत्तर द्यावयाचे असते. हा नियम किती आवश्यक आहे, हे न्यायालयीन इतिहासावरून कळते. १९८० च्या दशकात मिशिगनमधील एका रहिवाशाच्या नावावर दुसऱ्याच गुन्हेगाराने ओळखपत्रे मिळविली. लॉस अँजेल्स पोलिसांनी खुनाच्या व जबरी चोरीच्या संशयावरून त्या नावाने नोंद केली. खऱ्या संशयिताच्या अंगावरील व्रण व गोंदण ठाऊक असूनही ती नोंदीत लिहिली गेली नाहीत. परिणामी निरपराध माणूस साध्या वाहन-तपासणीत पुनःपुन्हा, कित्येकदा बंदुकीच्या धाकाखाली, पकडला गेला. १९८७ मध्ये संघराज्यीय न्यायालयाने याबद्दल शहराला जबाबदार धरले.

त्यानंतरच्या निकालांचा कल मात्र वेगळा दिसतो. फीनिक्स येथे १९९१ मध्ये अडविलेल्या एका चालकाच्या नावे गाडीतील पडद्यावर अटक-अधिपत्र दिसले; वस्तुतः ते १७ दिवसांपूर्वीच रद्द झाले होते. त्या अटकेत सापडलेला अमली पदार्थ पुराव्यात घेता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरविले, कारण चूक न्यायालयीन कारकुनाची होती, पोलिसांची नव्हती. २००९ मध्ये अलाबामातील प्रकरणात चूक पोलीस दप्तराचीच होती व अधिपत्र पाच महिन्यांपूर्वी मागे घेतलेले होते. तरीही ती हेतुपुरस्सर वा पद्धतशीर नसल्याने पुरावा ग्राह्य ठरला. हा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला. संगणकामुळे एकच चूक अनेक ठिकाणी एकदम पोचते व तिचा भार निरपराध नागरिकावर पडतो, हा मुद्दा न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी दोन्ही प्रकरणांतील भिन्नमत-पत्रिकांत आग्रहाने मांडला. मधल्या काळात, मार्च २००३ मध्ये, अमेरिकेच्या न्याय खात्याने १९७४ च्या खाजगीपणाविषयक कायद्यातील अचूकतेच्या अटीतून एन्.सी.आय्.सी. ला सूट दिली. या सवलतीचे समर्थन तपासाच्या सोयीच्या आधारे करण्यात आले. तथापि जी नोंद वाचून अटक होते तिलाच अचूकतेची सक्ती नसावी, ही विसंगती दूर झालेली नाही.

साध्या भाषेची चळवळ : न्यूयॉर्कवरील २००१ चा हल्ला व २००५ मधील कॅट्रिना चक्रीवादळ यांच्या वेळी अनेक यंत्रणांना एकत्र काम करावे लागले आणि संदेशवहनातील विसंवाद ठळकपणे पुढे आला. २००६ पासून संघराज्य शासनाने बहुयंत्रणा प्रसंगी संकेतांऐवजी साधी भाषा वापरण्याची अट घातली; दलांतर्गत दैनंदिन वापराला मात्र मज्जाव केला नाही. व्हर्जिनिया संस्थानाने त्याच वर्षी समान साधी भाषा स्वीकारली. अनुभवी पोलिसांचा विरोध दोन कारणांनी होता : संकेत लवकर उच्चारता येतात, आणि जवळ उभ्या असलेल्यास कळत नाहीत. पहिले कारण आता फारसे उरलेले नाही. दुसरे खरे आहे, पण संकेतांच्या याद्या जाहीर झाल्यापासून तेही दुबळे झाले आहे.

अन्य देश : ब्रिटनमध्ये दशक-संकेत रूढ झाले नाहीत. तेथील ‘पी.एन्.सी.’ हा राष्ट्रीय पोलीस संगणक १९७४ मध्ये हेंडन येथे सुरू झाला; त्याचा आरंभही चोरीच्या वाहनांच्या नोंदीनेच झाला. यॉर्कशरमधील स्त्रियांच्या हत्यासत्राच्या तपासात कार्ड-पद्धतीतील माहितीची सांगड न बसल्यामुळे आरोपी अनेकदा विचारपूस होऊनही सुटला. त्यानंतर मोठ्या तपासांसाठी १९८० च्या दशकात जी प्रणाली उभारली गेली तिचे नाव ‘होम्स’ असे बसविण्यात आले. येथे संक्षेप आधी ठरला व शब्द मागून जुळविले, हे उघड आहे.

भारतात पोलीस बिनतारी यंत्रणेच्या समन्वयाचे काम १९४६ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय कार्यालयाकडे (हल्लीचे ‘डी.सी.पी.डब्ल्यू.’) आहे. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्र (‘एन्.सी.आर्.बी.’) १९८६ मध्ये स्थापन झाले. २००९ मध्ये मंजूर झालेल्या ‘सी.सी.टी.एन्.एस्.’ या योजनेने महाराष्ट्रासह सर्व राज्यांतील पोलीस ठाणी एका जाळ्यात आणण्याचे काम हाती घेतले. ठाण्याच्या वहीतील प्रथम माहिती अहवाल दुसऱ्या राज्यातील अधिकाऱ्याला पाहता यावा, हा तिचा मूळ उद्देश. ११२ हा एकच आणीबाणीचा क्रमांक २०१८ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आला.

श्रवण व गोपन : भारतात १९३३ च्या बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय ग्राही बाळगण्यासही बंदी केली होती, त्यामुळे पोलीस संभाषण ऐकण्याचा छंद येथे मूळ धरू शकला नाही. अमेरिकेत उलट परिस्थिती आहे. १९८६ च्या इलेक्ट्रॉनीय संदेशवहन कायद्यानुसार सर्वांना सहज मिळू शकणारे पोलीस व अग्निशामक दलाचे संभाषण ऐकणे गुन्हा नाही. काही संस्थानांनी मात्र वाहनात असा ग्राही ठेवण्यावर निर्बंध घातले आहेत. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत कंप्रता आळीपाळीने चाळणारे ग्राही अनेक दशके अखंड चालू असत.

ही मोकळीक संगणकाच्या वाढत्या वापरानेच आता संकोचत आहे. शिपायाने मागितलेले नाव, जन्मतारीख व परवाना-क्रमांक उघड्या वाहिनीवर वाचून दाखविले की नागरिकाची खाजगी माहिती साऱ्या शहराला कळते. ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्याय खात्याने क्लेट्समधून मिळालेली अशी माहिती उघडपणे प्रक्षेपित न करण्याचा आदेश काढला आणि त्यासाठी दोन मार्ग ठेवले : वाहिनी संकेतबद्ध करणे किंवा खाजगी तपशील बोलण्यातून वगळणे. अनेक शहरांनी पहिला मार्ग पत्करला. न्यूयॉर्क शहर पोलिसांनीही २०२३ पासून वाहिन्या संकेतबद्ध करण्यास प्रारंभ केला असून वार्ताहरांनी त्याला आक्षेप घेतला. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग पोलिसांनी दुसरा मार्ग स्वीकारला. पॅलो आल्टो शहराने २०२१ च्या आरंभी सर्व संभाषण संकेतबद्ध केले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये तेथील पोलिसांनी ते पुन्हा खुले केले आणि खाजगी तपशील तेवढे अन्य साधनांनी मागविण्याची पद्धत सुरू केली.